बाहियाचे वल्कल : शोकनायकांची आत्मपूर्ती आणि सोपाऱ्याची एक कथा

प्राचीन अपरान्ताची कल्याण आणि सोपारा ही दोन बंदरे. त्या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात भिवंडी वसली आहे. कामवारीचे पाणी खाडीला मिळते आणि ती खाडी पुढे वसईपाशी समुद्राला मिळते. यंत्रमागांच्या खडखडाटाने आज ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या तालुक्यात, लोनाडच्या डोंगरात, एक बौद्ध लेणे आहे. त्याच्या भिंतीवर राजदरबाराचे दृश्य कोरलेले आहे. परिसरातील लोक मात्र ते लेणे खंडेश्वरी देवीच्या नावाने ओळखतात. ज्यांनी ते कोरले त्यांची ओळख पुसली गेली आणि वास्तूला दुसरेच नाव चिकटले.

नाव हरवणे, दुसऱ्याने दिलेले नाव अंगावर वागवणे आणि ‘मी खरोखर कोण?’ या प्रश्नामागे धावणे, हा जगातील अभिजात साहित्याचा एक सनातन विषय आहे. थोर शोकनायक याच प्रश्नापायी नष्ट झाले. त्यांना आपल्या जीवनाची पूर्ती हवी होती; तिच्याऐवजी विनाश मिळाला. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार आपल्याच किनाऱ्यावरील एका पालि कथेच्या आधारे करावयाचा आहे. ती कथा बाहिय दारुचीरियाची. तिच्या निमित्ताने एक अवघड प्रश्नही आपल्यासमोर येतो. ज्या धम्मात आत्म्याला स्थान नाही, त्या धम्मात आत्मपूर्ती कोणाची? आणि ज्या समाजाला शतकानुशतके ‘तू कोणी नाहीस’ असेच ऐकविले गेले, त्या समाजाने अनात्मवाद कसा समजून घ्यावा?

शोकनायक काय शोधतो?

ग्रीक नाटककार सोफोक्लीस इ.स.पू. पाचव्या शतकात होऊन गेला. त्याचा इडिपस थीब्ज नगरीचा राजा आहे. नगरीवर रोगराईचे संकट येते. पूर्वीचा राजा लेयस याच्या खुन्याला शोधून काढल्याशिवाय ते टळणार नाही, असे देववाणी सांगते. इडिपस त्वेषाने शोध सुरू करतो. भोवतालचे लोक त्याला थांबवू पाहतात. तो थांबत नाही. शेवटी खुनी तोच निघतो, आणि ज्याला मारले तो त्याचा जन्मदाता असतो. सत्य कळताच तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘काव्यशास्त्रा’त अज्ञानातून ज्ञानात होणाऱ्या या संक्रमणाला शोकांतिकेच्या रचनेत फार मोठे स्थान दिले आहे. मात्र येथे ज्ञान आणि विनाश एकाच क्षणी येतात. इडिपसला ‘मी कोण’ याचे उत्तर मिळते. ते उत्तर त्याच्या जन्मात दडलेले असते आणि जन्म कोणालाही बदलता येत नाही.

आपल्याकडे हेच स्थान कर्णाचे. आदिपर्वात रंगभूमीवर तो अर्जुनाला आव्हान देतो, तेव्हा कृपाचार्य त्याला त्याचे कुळ विचारतात. पराक्रमाला पराक्रमाने उत्तर द्यावयाचे, ते सोडून कुळाचा प्रश्न पुढे केला जातो. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन त्याला अंगदेशाचा राजा करतो. पण तेवढ्यात अधिरथ येतो, कर्ण अभिषेकाने ओले झालेले मस्तक त्याच्या पायांवर ठेवतो आणि भीम त्याला हिणवतो. या एका प्रसंगाने कर्णाचे उर्वरित आयुष्य ठरून जाते. त्याची पूर्तता त्याच्या हाती राहत नाही. ती दुर्योधनाच्या उपकारात अडकते.

कर्णाची थोरवी उद्योगपर्वात दिसते. कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. ज्या कुळासाठी तो जन्मभर झुरला, ते कुळ समोर उभे असते. तेव्हा कर्ण ते नाकारतो. राधेचे दूध आणि अधिरथाची माया तो विकत नाही. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) आणि रणजित देसाईंची ‘राधेय’ (१९७३) या कादंबऱ्या मराठी वाचकाने इतक्या प्रेमाने वाचल्या, त्याचे एक कारण कर्णाच्या या अपमानात आणि या नकारात आहे. तथापि हा नकार त्याला मुक्त करीत नाही. आपली बाजू हरणार हे ओळखूनही तो तिच्यासाठी लढतो आणि मरतो. कुळाचा मोह सुटला. ऋणाचा सुटला नाही.

तिसरी व्यक्तिरेखा शंबूकाची. उत्तरकाण्डात शंबूक कोणाचे राज्य मागत नाही, कोणाशी लढत नाही. तो सरोवराकाठी तप करतो. आपल्या प्रयत्नाने आपले जीवन उंच न्यावे, एवढीच त्याची इच्छा. राम त्याला जात विचारतो, तो खरे सांगतो आणि त्याचे मस्तक उडविले जाते. आत्मपूर्तीचा शोध हाच येथे अपराध ठरतो. पुढे भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त हाच शंबूक मृत्यूनंतर दिव्य पुरुष होऊन रामापुढे कृतज्ञतेने उभा राहतो असे दाखविले. मारलेल्याने मारणाऱ्याचे आभार मानावेत, ही त्या नाटकातील योजना पुष्कळ काही सांगून जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेल्या, पण प्रत्यक्षात होऊ न शकलेल्या, जातिनिर्मूलनाच्या भाषणात शंबूकवधाचा नेमका अर्थ सांगितला आहे. चातुर्वर्ण्य टिकवावयाचे तर त्यामागे दंडशक्ती उभी करावीच लागते, हे त्या वधातून दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

या तिघांना एकत्र पाहिले की एक सूत्र हाती येते. तिघांपुढेही कोणीतरी दुसरा उभा राहून विचारतो, ‘तू कोणाचा?’ तिघांचेही उत्तर जन्माशी बांधलेले आहे. आणि तिघांच्याही अंतामागे देववाणी, शाप किंवा वर्णधर्म अशी एखादी अटळ शक्ती उभी केलेली आहे.

सोपारा : बंदर आणि धम्म

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. पालि ग्रंथांतील सुप्पारक, संस्कृतातील शूर्पारक म्हणजेच वसई तालुक्यातील सोपारा. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा तालुका १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. इ.स.च्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील समुद्रप्रवासवृत्तात सोपारा आणि कल्याण या दोन्ही बंदरांचा उल्लेख आढळतो.

येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडाही या परिसरात सापडला. आठव्या लेखाचा विषय आपल्या विवेचनाशी जुळणारा आहे. पूर्वीचे राजे शिकारीसाठी, करमणुकीसाठी यात्रेला निघत. आपण मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षानंतर संबोधीच्या स्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असे अशोक त्यात सांगतो. कलिंगात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख हद्दपार झाली, हे तेराव्या लेखात ज्याने स्वतःच नोंदविले, त्या राजाचे हे शब्द आहेत. शोकनायक होण्यास लागणारे सारे काही अशोकापाशी होते. त्याने डोळे फोडून घेतले नाहीत. प्रवासाची दिशा बदलली.

त्याच १८८२ साली भगवानलालांनी सोपाऱ्याचा ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखला जाणारा ढिगारा उकरला. तो स्तूप निघाला. आतील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले, भिक्षापात्राचे मानलेले तुकडे आणि बुद्धमूर्ती मिळाल्या. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन झाले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक लेखही येथे ध्यानात घ्यावा. सोपाऱ्याच्या धम्मुत्तरीय पंथातील सातिमित नावाच्या भाणकाने तेथे अस्थिधातूंसह एक स्तंभ दान दिला आहे. भाणक म्हणजे सुत्ते मुखोद्गत करून ती लोकांना ऐकविणारा. म्हणजे सोपाऱ्याला कथा जपणारी माणसे होती याचा हा शिलेवरचा पुरावा होय. सातिमित नेमक्या कोणत्या कथा सांगत असे हे लेख सांगत नाही. परंतु बाहियाची कथा बंदराच्या गावी का रुजली असेल, हे समजण्यास असा भाणक डोळ्यांसमोर ठेवणे उपयोगी आहे. गलबत फुटणे म्हणजे काय आणि अनोळखी माणूस किनाऱ्याला लागणे म्हणजे काय, हे बंदरातील श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही.

बाहियाची कथा

खुद्दकनिकायातील ‘उदान’ या ग्रंथाच्या पहिल्या वर्गातील दहावे सुत्त बाहियाचे आहे. त्याचे पूर्ववृत्त अट्ठकथा पुरविते. बाहिय हा समुद्रावरून व्यापार करणारा. सात वेळा तो सुखरूप परतला. आठव्या खेपेस सुवर्णभूमीकडे जाताना त्याचे जहाज फुटले. एका फळीच्या आधाराने तो सोपाऱ्याजवळ किनाऱ्याला लागला. अंगावर वस्त्र उरले नव्हते. त्याने झाडाच्या साली गुंफून अंगाभोवती लावल्या आणि हाती पात्र घेऊन तो गावात शिरला. म्हणून तो दारुचीरिय, म्हणजे लाकडी वल्कलाचा, झाला. पालि भाषेत ‘बाहिय’ या शब्दाचा अर्थही ‘बाहेरचा’ असा होतो.

लोकांनी त्याला पाहिले आणि त्यांना वाटले, हा कोणी अर्हत असावा. अन्न आले, आदर आला. कोणी उत्तम वस्त्रे आणून दिली. ती त्याने घेतली नाहीत. वस्त्र नेसले तर मान जाईल, हे त्याच्या ध्यानात आले होते. येथे कथाकाराची दृष्टी किती तीक्ष्ण आहे पाहा. जी साल लज्जा झाकण्यासाठी घेतली, तीच आता प्रतिष्ठा झाली. कर्णाला अंगदेशाचा मुकुट मिळाला तसे बाहियाला वल्कल मिळाले. दोन्ही दुसऱ्यांनी दिलेल्या ओळखी. दोहोंत फरक एवढाच की कर्णाला जगाने त्याच्या योग्यतेहून कमी लेखले आणि बाहियाला अधिक.

मूळ सुत्त येथून पुढे सुरू होते. बाहियाच्या मनात विचार येतो की जगात जे अर्हत आहेत किंवा अर्हत्त्वाच्या मार्गावर आहेत, त्यांपैकी मी एक आहे काय? त्याच्या पूर्वीच्या नात्यातील एक देवता त्याला सांगते की तू अर्हत नाहीस, त्या मार्गावरही नाहीस आणि त्या मार्गावर नेणारा तुझा आचारही नाही. देवतेला बाजूला ठेवून पाहिले तर हा माणसाच्या सदसद्विवेकाचा आवाज आहे. इडिपसला असा आवाज अंध द्रष्ट्याच्या तोंडून ऐकू आला तेव्हा तो संतापला. बाहिय संतापत नाही. तो एकच विचारतो, मग खरा अर्हत कोठे आहे? श्रावस्तीला, असे उत्तर मिळताच तो निघतो. सोपाऱ्याचा मान, अन्न, सारे मागे राहते.

सुत्तात ‘एकरत्तिपरिवासेन’ असा शब्द आहे. वाटेत प्रत्येक ठिकाणी एकच रात्र थांबला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. अट्ठकथेने मात्र १२० योजनांचे अंतर त्याने एका रात्रीत कापले असा चमत्कार त्यातून काढला. चमत्काराची आवश्यकता नाही. थांबण्यास ज्याला वेळ नव्हता अशा माणसाची ती चाल आहे.

श्रावस्तीत भगवान भिक्षाटनास गेलेले असतात. बाहिय त्यांना रस्त्यातच गाठतो आणि उपदेश मागतो. ही वेळ नव्हे, असे तथागत दोनदा सांगतात. बाहिय म्हणतो की आपल्या आणि माझ्या जीविताला केव्हा धोका येईल हे कोणास ठाऊक? तिसऱ्या विनंतीनंतर तथागत रस्त्यात उभे राहून थोडक्यात सांगतात. त्या उपदेशाचा आशय असा : जे पाहिले ते केवळ पाहणे असू दे, जे ऐकले ते केवळ ऐकणे, जे जाणले ते केवळ जाणणे. त्यात ‘मी’ मिसळू नकोस. असे झाले म्हणजे तुला धरून ठेवणारे स्थान येथेही नाही, पलीकडेही नाही आणि मध्येही नाही. हाच दुःखाचा अंत. एवढ्यानेच बाहियाचे चित्त मुक्त होते.

थोड्याच वेळात वासरासह असलेली एक गाय अंगावर येते आणि बाहिय मरतो. तो पात्रचीवर शोधत होता, असे अट्ठकथा सांगते. तथागत परतताना त्याचा देह पाहतात. भिक्षूंना ते म्हणतात की याचा देह उचला, दहन करा आणि स्तूप उभारा. तुमचा सब्रह्मचारी गेला आहे. पुढे अंगुत्तरनिकायात शीघ्र ज्ञान मिळविणाऱ्यांत अग्रगण्य म्हणून बाहियाचे नाव नोंदले गेले. त्याचा तो स्तूप श्रावस्तीकडचा. सोपाऱ्याच्या उत्खननातील स्तूपाशी त्याचा संबंध जोडू नये.

गाय आणि कर्मविपाक

बाहियाचा मृत्यू श्रद्धाळू मनाला खटकणारा आहे. ज्याला आत्ताच मुक्ती मिळाली त्याला गायीने मारावे? अट्ठकथाकारांनाही ते खटकले. म्हणून त्यांनी सांगितले की ती गाय म्हणजे यक्षिणी होती आणि पूर्वजन्मी बाहियाने केलेल्या पापाचा तिने सूड घेतला. अशा रीतीने अट्ठकथेने बाहियाला पुन्हा इडिपसच्या रांगेत नेऊन बसविले. देववाणीच्या जागी पूर्वकर्म आले, एवढेच.

मूळ सुत्तात बाहियाच्या मृत्यूसाठी पूर्वजन्माचे कारण दिलेले नाही. तेथे गाय ही गायच आहे. हा भेद आपल्या दृष्टीने क्षुल्लक नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वकर्माचा सिद्धान्त तपासून नाकारला. दुःखिताच्या दुःखाचा दोष त्याच्याच गतजन्मावर टाकला की समाज आणि राज्यसंस्था आपल्या जबाबदारीतून मोकळी होतात, असे त्यांनी दाखविले. या दृष्टीने बाहियाच्या मृत्यूकडे पाहिले म्हणजे कथेचा खरा अर्थ उघडतो. मृत्यू ही शिक्षा नाही आणि तो जीवनावरचा निर्णयही नाही. तो केव्हाही येऊ शकतो, हे बाहियाने स्वतःच रस्त्यात उभे राहून सांगितले होते. इडिपस आणि कर्ण यांच्या कथेत अंत हाच साऱ्या जीवनाचा अर्थ ठरवितो. येथे अर्थ आधीच पूर्ण झाला आहे. अंत नुसता नंतर आला आहे.

कोणता ‘स्व’ सोडावयाचा?

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. ‘मी’ सोड, हा उपदेश ज्याच्यापाशी मानमरातब आहे त्याला शोभतो. ज्याचा ‘मी’ कधी उभाच राहू दिला नाही त्याने काय सोडावे? हा आक्षेप अनेक सुशिक्षित तरुण घेतात आणि तो टाळण्याजोगा नाही.

उत्तर बाहियाच्या वल्कलात आहे. तथागतांनी त्याच्याकडून जे सोडविले ते त्याचे माणूसपण नव्हते. लोकांनी त्याच्यावर लादलेले आणि त्याने आवडीने बाळगलेले रूप त्यांनी सोडविले. हे रूप स्तुतीचे असो वा निंदेचे, ते दुसऱ्याने विणलेले असते. ‘अर्हत’ हा मान जसा वल्कल, तसाच ‘अस्पृश्य’ हा शिक्काही वल्कलच. उदानातीलच सुप्पबुद्धाची कथा याची साक्ष देते. तो कुष्ठरोगी, दरिद्री. दूर जमाव दिसला तेव्हा अन्न वाटत असतील म्हणून तो तिकडे गेला. तेथे तथागत धम्म सांगत होते. त्या साऱ्या सभेत धम्म समजण्यास योग्य म्हणून त्यांची दृष्टी या कुष्ठरोग्यावर स्थिरावली. त्याचाही मृत्यू वासराच्या गायीने झाला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हीनदीनांच्या धम्मप्रवेशाच्या कथांत उपाली आणि सुनीत यांच्याबरोबर सुप्पबुद्धाची कथा आवर्जून घेतली आहे.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच दिसते. पटाचारेचा पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ एकामागून एक गेले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला भान राहिले नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलीत. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर ये असे सांगितले आणि कोणी एकाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. ग्रीक रंगभूमीवर अशी स्त्री शेवटच्या अंकात येते. थेरीगाथेत तिचे जीवन येथून सुरू होते. ती पाय धुताना वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहते, तेथून चित्ताकडे वळते आणि पुढे इतर शोकाकुल स्त्रियांची आचार्या होते.

आत्मा आणि आत्मसन्मान हे दोन वेगळे शब्द आहेत, हे यावरून स्पष्ट व्हावे. धम्म अमर आत्मा नाकारतो, कारण जन्माने ठरलेली, न बदलणारी ओळख त्याच्याच आधाराने उभी राहते. आत्मसन्मान मात्र कृतीतून, शीलातून आणि प्रज्ञेतून घडतो. न बदलणारा आत्मा नाही, म्हणूनच माणूस बदलू शकतो. शंबूकाला जात विचारणारा राजा आणि बाहियाला रस्त्यात उभे राहून धम्म सांगणारे तथागत, या दोन चित्रांतील अंतर एवढ्या एका सिद्धान्ताचे आहे. बाहियाला त्यांनी कुळ विचारले नाही. त्याच्या अंगावर चीवरही नव्हते. तरी मृत्यूनंतर त्याला सब्रह्मचारी म्हटले गेले.

समारोप

कर्ण, शंबूक आणि इडिपस यांच्याविषयी आपल्या मनात सहानुभूती राहावी हे योग्यच आहे. कर्णाचा अपमान आणि शंबूकाचा वध विसरणे म्हणजे इतिहास विसरणे होय. परंतु त्यांच्या शोकात रमून राहणे ही आत्मपूर्ती नव्हे. कर्णाला प्रतिष्ठा देणाऱ्या कादंबऱ्या आपण जरूर वाचाव्यात. त्या वाचून झाल्यावर मात्र विचारावे की ज्या रंगभूमीवर कुळ विचारले जाते, त्या रंगभूमीवर मान मिळविण्यासाठी जन्म वेचावा काय? बाहियाने आपल्या सोपाऱ्याच्या रंगभूमीवर मिळत असलेला मानही सोडला आणि तो चालू लागला.

भिवंडीत रात्रंदिवस कापड विणले जाते. ते विणणाऱ्या कामगाराचे नाव त्या कापडावर नसते. ते अंगावर घेणाऱ्याची मात्र प्रतिष्ठा वाढते. वस्त्र म्हणजे माणूस नव्हे, हे मागावर उभ्या राहणाऱ्याइतके कोणाला कळणार? याच खाडीच्या मुखाजवळ, दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या कथेत, सालींचे वस्त्र नेसलेल्या एका माणसाने लोक म्हणतात ते आपण नाही, हे स्वतःशी कबूल केले. त्याची आत्मपूर्ती त्या कबुलीपासून सुरू झाली.